149 मतं आणि एक जाळी

4 ऑक्टोबर 2024. शुक्रवार. नाशिकहून पेठला जाणारी एसटी सावळघाट चढत होती. घाटात रेंज येते-जाते, त्यामुळे व्हिडिओ अर्धवट लोड होऊन थांबलेला. शेजारी बसलेल्या मामांनी माझ्या मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, "हे आपले झिरवाळसाहेब ना रे? काय करताहेत तिथं?"

काय सांगणार? मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्याचा कठडा ओलांडून महाराष्ट्र विधानसभेचे उपाध्यक्ष खाली उडी मारत होते. खाली जाळी होती. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी आणि त्या दोरखंडांवर धडपडत उभा राहणारा साठी ओलांडलेला माणूस. मागोमाग इतर आदिवासी लोकप्रतिनिधीही जाळीवर उतरले. त्यात इगतपुरीचे आमदार हिरामण खोसकर होते, अकोल्याचे आमदार किरण लहामटे होते आणि पालघरचे भाजपचे खासदार हेमंत सवराही होते. म्हणजे बहुतेक सगळे सत्ताधारीच. सरकार त्यांचं, इमारत त्यांची आणि आंदोलनही त्यांचंच.

संध्याकाळपर्यंत मीम्स आले. 'सर्कस' हा शब्द मी त्या दिवशी इतक्यांदा वाचला की शेवटी फोन उलटा ठेवला. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण हसून झाल्यावर एक प्रश्न मात्र गेला नाही. विधानसभेत सभापतींच्या उच्चासनावर बसलेला, राज्यातल्या सगळ्या आमदारांना 'बसून घ्या' म्हणणारा माणूस स्वतःच्या समाजाचं म्हणणं सरकारपर्यंत पोचवायला उडी का मारतो?

उत्तर शोधायचं तर नरहरी झिरवाळांच्या कारकिर्दीकडे पेठच्या बाजूने बघावं लागतं. मुंबईतून बघितलं की ते गमतीशीर दिसतात.

पेठ हा नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, गुजरातला टेकलेला तालुका. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 1 लाख 20 हजार, आणि शंभरातले नव्वदहून अधिक आदिवासी: कोकणा, महादेव कोळी, वारली, काही कातकरी. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही इथली पिकं. पावसाळ्यात पाऊस असा कोसळतो की घराबाहेर पडवत नाही, आणि मे महिन्यात बायका हंडे घेऊन झिऱ्यावर बसलेल्या असतात. सगळं पाणी दमणगंगेच्या आणि तिच्या भावंडांच्या अंगाने पश्चिमेला उतरून जातं.

पुस्तकात फार न येणारी एक गोष्ट म्हणजे पेठ हे एकेकाळी संस्थान होतं. दळवी घराण्याचं. या घराण्याच्या एका शाखेने पुढे मुस्लीम धर्म स्वीकारला, त्यामुळे इथल्या इतिहासात राजेही आहेत आणि बेगमही. 1857 च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला, डोंगरातले कोळी उठले, आणि या उठावामागे असल्याचा ठपका ठेवून गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिलं. शेवटच्या बेगम 1878 मध्ये वारल्या आणि पेठ नाशिक जिल्ह्याचा एक तालुका होऊन गेला. मिरत, दिल्ली, झाशी आपल्याला पाठ असतं. नाशिकपासून दीडएक तासावरची फाशी मात्र मला शाळा सुटल्यावर कळली.

हे सांगायचं कारण असं की, त्यानंतर पेठचं स्वतःचं असं राजकीय केंद्र राहिलंच नाही. पेठ कायम कुणाला तरी जोडलेलं असतं. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतरचं चित्र बघा. एकाच विधानसभा मतदारसंघात दोन तालुके: दिंडोरी आणि पेठ. नाव दिंडोरीचं. दिंडोरी म्हणजे द्राक्षं, वाइनरी, औद्योगिक वसाहत, करंजवण, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड ही धरणं. वाघाडच्या शेतकऱ्यांनी तर पाणीवापर संस्था काढून धरणाचं पाणी स्वतः वाटून घेण्याचा असा प्रयोग केला की बाहेरून लोक बघायला येतात. आणि पेठ म्हणजे त्या द्राक्षबागांत छाटणीला आणि खुड्याला जाणारे मजूर. दिवाळी झाली की पिकअप गाड्या भरतात. एकाच आमदाराला मत देणारे दोन लोक: एक बागेचा मालक, दुसरा त्याच बागेत रोजंदारीवर. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, त्यामुळे उमेदवार आदिवासीच असणार. पण निवडून यायचं तर बागवाल्यांचीही मतं लागणार. राखीव जागेची ही गोम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही.

झिरवाळ दिंडोरी तालुक्यातल्या वनारे गावचे. महादेव कोळी समाजाचे. 2004 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या तिकिटावर पहिल्यांदा आमदार झाले. 2009 मध्ये शिवसेनेच्या धनराज महाले यांच्याकडून हरले, आणि हरले किती मतांनी? 149. महाले हे माजी खासदार हरिभाऊ महाले यांचे चिरंजीव, म्हणजे जुन्या समाजवादी-जनता परंपरेतल्या घरातले. दोघांनाही अडुसष्ट हजारांवर मतं आणि फरक एखाद्या पाड्याएवढा. आमच्याकडे अजून लोक 149 चा हिशेब मांडतात: अमक्या गावचे मजूर त्या दिवशी निफाडला होते, तमक्या पाड्याची गाडी उशिरा आली. प्रत्येक पाड्याला वाटतं की ती 149 मतं आपलीच.

माझ्या मते हा पराभव त्यांच्या राजकारणाची किल्ली आहे. 149 मतांनी हरलेला माणूस पुन्हा कुणाच्याच दारात जायला कंटाळत नाही. लग्न, दहावा, बोहाडा, सप्ताह, जिथे बोलावतील तिथे. संबळ वाजला की नाचायचं. त्यांचे सपत्नीक नाचतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. शहरातल्या माणसाला तो 'साधेपणाचा स्टंट' वाटतो. पण इथे संबळ वाजत असताना आमदार खुर्चीवर बसून राहिला तर ते वाईट दिसतं, एवढंच. 2014 मध्ये त्यांनी महालेंना 12,633 मतांनी हरवलं. 2019 मध्ये शिवसेनेच्या भास्कर गावितांना 60,813 मतांनी. 149 पासून साठ हजारांपर्यंत दहा वर्षं.

मग आला नोव्हेंबर 2019. तो पहाटेचा शपथविधी आठवतो? त्यानंतर राष्ट्रवादीचे जे मोजके आमदार 'गायब' झाले, त्यात झिरवाळ होते. ते गुरुग्रामच्या हॉटेलात सापडले आणि पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना मुंबईत परत आणलं. तीन-चार महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, तेच झिरवाळ विधानसभेचे उपाध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले. महाराष्ट्राच्या राजकारणात कुणाला कधी शिक्षा होते आणि कधी बढती, याचं सूत्र शोधायच्या फंदात मी पडत नाही.

उपाध्यक्षपद हे तसं शोभेचं पद. अध्यक्ष चहा प्यायला गेले की यांनी बसायचं. पण फेब्रुवारी 2021 मध्ये नाना पटोलेंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि पुढे जवळजवळ दीड वर्ष ती जागा भरलीच गेली नाही. म्हणजे वनारे गावचा माणूस विधानसभेचा प्रत्यक्षातला प्रमुख होऊन बसला. आणि नेमक्या त्याच काळात, जून 2022 मध्ये, एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले.

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचला तरी चालेल असा आहे. ठाकरे गटाने अर्ज केला की शिंदेंसह 16 आमदारांना पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरवा. हा निर्णय कुणी करायचा? राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे सभागृहाच्या अध्यक्षाने. अध्यक्षच नाहीत, तर उपाध्यक्षाने. झिरवाळांनी नोटिसा काढल्या आणि 27 जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. तिकडून बंडखोरांनी डाव टाकला: उपाध्यक्षांवरच अविश्वासाची नोटीस. कारण 2016 च्या नबाम रेबिया खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की ज्या अध्यक्षाला हटवण्याची नोटीस प्रलंबित आहे, त्याने आमदारांच्या अपात्रतेचा निवाडा करू नये. अरुणाचलमधला हा निकाल गुवाहाटीमार्गे मुंबईत आला. नोटीस अनोळखी ईमेलवरून आली आहे, असं म्हणत झिरवाळांनी ती फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 27 जूनला न्यायालयाने आमदारांची मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली. त्या दोन आठवड्यांत सगळं घडून गेलं. उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, शिंदे मुख्यमंत्री झाले, 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. अपात्रतेचा निर्णय त्यांच्याकडे गेला, आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही.

11 मे 2023 च्या घटनापीठाच्या निकालात नबाम रेबियाचा प्रश्न सात न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला. म्हणजे एका आदिवासी उपाध्यक्षाला स्वतःवर नोटीस असताना नोटीस काढता येते का, हा प्रश्न देशाच्या घटनात्मक इतिहासात नोंदला गेला. त्या वेळी टीव्हीवर लोक म्हणायचे, झिरवाळ कोण? त्यांना कायदा कळतो का? मला आठवतं, एका पॅनेलवर कुणीतरी त्यांच्या बोलीची नक्कल केली होती आणि बाकीचे हसले होते. नोटीस योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. मुदत फार कमी दिली हे मलाही वाटतं. पण हसू त्यावर नव्हतं.

आणि मग एक वर्षाने, जुलै 2023 मध्ये, झिरवाळ अजित पवारांबरोबर गेले. ज्या एकनाथ शिंदेंना त्यांनी अपात्रतेची नोटीस काढली होती, त्याच शिंदेंच्या सरकारच्या बाजूला. इथे आमच्यातले बरेच जण गोंधळले. काहींनी शिव्या घातल्या. घरातही एकमत नव्हतं. पुढे त्यांचा मुलगा जाहीरपणे शरद पवारांच्या बाजूने बोलू लागला. माझा स्वतःचा निवाडा कडक आहे: जून 2022 मध्ये त्यांनी जे घेतलं होतं ती भूमिका होती, तर एका वर्षात ती सुटायला नको होती. यावर गावातल्या एका शिक्षकांनी मला दिलेलं उत्तर मात्र खोडता आलं नाही. ते म्हणाले, "सत्तेबाहेर बसलेल्या आमदाराने पेठला किती रस्ते आणले, ते सांग. मग तत्त्वाचं बोलू."

या उत्तरामागे एक जिवंत उदाहरण आहे, ते शेजारच्या तालुक्यात. जिवा पांडू गावित, सुरगाण्याचे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, 1978 पासून सात वेळा आमदार. 2014 मध्ये ते विधानसभेत त्यांच्या पक्षाचे एकटेच होते, आणि ज्येष्ठ म्हणून हंगामी अध्यक्ष होऊन नव्या आमदारांना शपथ त्यांनीच दिली. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या अंतराने या डोंगरपट्ट्यातले दोन माणसं त्या उच्चासनावर बसली. गावितांनी सत्ता घेतली नाही, पक्ष सोडला नाही. त्यांनी माणसं रस्त्यावर आणली. 6 मार्च 2018 ला नाशिकहून निघालेला लाँग मार्च तुमच्यापैकी अनेकांनी इन्स्टावर नाही तर बातम्यांत पाहिला असेल: सुमारे 180 किलोमीटर, पायाला फोड, लाल टोप्या. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना अडचण नको म्हणून 11 मार्चच्या रात्री न झोपता मोर्चा आझाद मैदानाकडे चालत गेला. त्यात पेठचे लोकही होते. मागणी मुख्यतः एकच: कसत असलेल्या वनजमिनीचा, 2006 च्या वनहक्क कायद्याने कबूल केलेला पट्टा. सरकारने लेखी आश्वासन दिलं. 2019 च्या फेब्रुवारीत पुन्हा निघावं लागलं. 2023 च्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा. 2019 च्या विधानसभेत गावित हरले, 2024 मध्येही हरले. दोन्ही वेळा कळवणच्या नितीन पवारांकडून. लाँग मार्चमध्ये चाललेल्या सगळ्यांनी मतं त्यांनाच दिली असंही नाही. लोक चालतात एकाबरोबर आणि मत देतात दुसऱ्याला, यात आम्हाला फार विसंगती वाटत नाही.

आता पुन्हा त्या जाळीकडे. मागण्या दोन होत्या. पहिली, धनगर समाजाला अनुसूचित जमातींच्या आरक्षणात घेऊ नका. यावर मी इथे लांबण लावत नाही. धनगरांची गरिबी खरी आहे आणि आदिवासींची भीतीही खरी आहे. दोन उपाशी माणसांना एकाच ताटावर बसवून भांडायला लावणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही.

दुसरी मागणी पेसा भरतीची. हा शब्द शहरातल्या वाचकासाठी उलगडून सांगायला हवा. 1996 चा पेसा कायदा पाचव्या अनुसूचीतल्या भागांना लागू होतो. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके त्यात आहेत, आणखी काही तालुक्यांतली गावं आहेत. या भागातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेवक अशी 17 संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची, असं ठरलेलं. जाहिराती निघाल्या, परीक्षा झाल्या, याद्या लागल्या. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं आणि नेमणुका थांबल्या. नाशिकच्या अभ्यासिकांत यादीत नाव असलेली कितीतरी पोरं मी पाहिली आहेत. नाव लागलं म्हणून गावात पेढे वाटून झालेले, आणि आता परत गावी जायची लाज वाटते म्हणून दिवसभर त्याच टेबलावर तेच पुस्तक उघडून बसलेली. ऑगस्ट 2024 मध्ये याच मागणीसाठी जे. पी. गावित नाशिकला उपोषणाला बसले होते. एक माणूस रस्त्यावरून तेच मागत होता, जे दुसरा सत्तेच्या आतून मागत होता. दोघांचंही ऐकलं जात नव्हतं.

जाळी तिथे का होती, हेही सांगतो. जानेवारी 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकून मंत्रालयात विष घेतलं. ते गेले. पुढच्याच महिन्यात एका माणसाने तिथे वरून उडी मारली, तोही गेला. त्यानंतर सरकारने चौकात जाळी बांधली. अर्ज लवकर निकाली काढण्यापेक्षा जाळी बांधणं सोपं होतं. झिरवाळ ज्या दोरखंडांवर पडले ते त्या माणसांसाठी होते, ज्यांना आत कुणी विचारत नाही.

निवडणुकीच्या तोंडावरचा देखावा होता का? असेल. आचारसंहिता त्यानंतर अकरा दिवसांनी लागली. जाळी आहे हे माहीत असताना मारलेली उडी आणि नसताना मारलेली उडी यांत फरक असतोच, तो मी नाकारत नाही. पण देखावा करायला उपाध्यक्षाला दुसरी जागा नव्हती का? पत्रकार परिषद होती, सभागृह होतं, मुख्यमंत्र्यांची केबिन चार पावलांवर होती. या सगळ्या जागा वापरून झाल्या होत्या. 288 च्या सभागृहात अनुसूचित जमातींच्या 25 जागा. हे 25 जण पाच-सहा पक्षांत वाटलेले. प्रत्येकाला तिकीट वेगळ्या नेत्याकडून मिळतं. त्या दिवशी जाळीवर वेगवेगळ्या पक्षांचे लोक एकत्र दिसले. सभागृहात ते तसे एका रांगेत क्वचितच बसतात. घटना समितीत जयपालसिंग मुंडा आदिवासींच्या वतीने बोलायला उभे राहिले तेव्हा निदान त्यांना कुठल्या गटाचा व्हिप नव्हता.

त्याच महिन्यात सरकारने पेसा क्षेत्रातल्या निवड झालेल्या उमेदवारांना न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून, तात्पुरत्या स्वरूपात, मानधनावर नेमणुका द्यायचं ठरवलं. कायम नोकरी नाही, पण हातात ऑर्डर. उडीमुळे, उपोषणामुळे की निवडणुकीमुळे, ज्याने त्याने आपापलं धरावं. अभ्यासिकेतली काही टेबलं मात्र रिकामी झाली.

नोव्हेंबरची निवडणूक तर कादंबरीत शोभावी अशी. महायुतीत जागा झिरवाळांची, तरी शिंदेंच्या शिवसेनेने त्याच जुन्या धनराज महालेंना एबी फॉर्म दिला, तोही शेवटच्या दिवशी हवाईमार्गे नाशिकला पाठवून. 149 मतांची लढत पुन्हा रंगणार असं वाटत असतानाच महालेंनी माघार घेतली. झिरवाळ शरद पवार गटाच्या सुनीता चारोस्करांना 44,403 मतांनी हरवून आले. 15 डिसेंबरला नागपुरात त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. खातं अन्न व औषध प्रशासन. जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्रिपद मिळालं ते हिंगोलीचं. नाशिकच्या पालकमंत्रिपदावर तेव्हा मोठ्या लोकांची ओढाताण चालू होती. आदिवासी विकास खातंही त्यांच्याकडे नाही.

सावळघाटातल्या त्या एसटीत मी मामांना शेवटी व्हिडिओ पूर्ण दाखवला होता. त्यांनी तो दोनदा पाहिला. ते हसले नाहीत. करंजाळी आल्यावर पिशवी उचलत त्यांनी एवढंच विचारलं, "मग, पोरांच्या ऑर्डरी निघाल्या का?"

मी म्हटलं, "अजून नाही, मामा."

"बरं," म्हणाले आणि उतरून गेले.